जितीचा टाक

माझ्या बहिनीचा टाक तिच्या सवतीच्या गळ्यात पडला, तवा माझी बहीन जिती होती. चांगली धडधाकट. स्वीडन म्हनून एक मुलुख हाये, तिथं बुढ्या बायाईले आंघोळी घालून राह्यली होती. अन् इकडं लोधीखेड्याजवळ तिच्या सासरचे तिले मारून मोकळे झाले होते.

टाक म्हंजे काय ते सांगतो. आमच्याकडं पयली बायको मेली अन् मानसानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पयलीचा टाक घालतेत. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्याच्यावर सोनारानं ठोकलेली बाईची आकृती. काळ्या दोऱ्यात ओवून मंगळसूत्राच्या खाली बांधाचा. दुसरी जेवाले बसली का पयला घास त्या टाकाले लावाचा, मंग आपन खायाचं. असं नाई केलं तर पयली तिले सुखानं नांदू देत नाई, लेकरं जगू देत नाई, म्हंतेत. खरं का खोटं, मले नाई मालूम. पन मेलेलीचा घालतेत. जितीचा कोनी घालत नाई.

मी सौंसरची. दुसरीपर्यंत शाळेत गेली, मंग माय मेली अन् शाळा सुटली. बहीन तवा रांगत होती. माझं लगन झालं तर मी तिले कडेवर घेऊनच सासरी गेली. माझी सासू दारातच म्हने, "गाय आनाले गेलो होतो, ह्या त वासरूबी घेऊन आल्या." पन सासू मनाची चांगली होती. तिनंच बहिनीच्या वेन्या घातल्या, चौथीपर्यंत शिकवलं. ती मले बाई म्हने. माय म्हनाले तिले कोनी शिकवलंच नाई.

तिचं सासर मीच पाह्यलं. कापूस, संत्र्याचा बगीचा, बारा महिने पान्याची विहीर. पोरगी सुखात पडली असं मले वाटलं. पाच वर्स झाले, लेकरू नाई झालं. सासू तिले जेवाले सगळ्याईच्या मागून बसवे. गडी जेवले, कुत्र्याले टाकलं, मंग तिनं भांडं पाहाचं. काही असलं तर असलं. हे तिनं मले तवा कधी सांगितलं नाई. सनाले आली का हसे, अन् चार मानसाचं जेवे. मले वाटे मायेरचं अन्न गोड लागून राह्यलं.

एका शनिवारी सासूनं तिले जामसावळीले नेलं. हिच्या आंगात काहीतरी हाये म्हने, मारुतीपाशी बसवतो. तिथं तसे लोक येतेत, महिना-महिना राहातेत, पन घरचं मानूस सोबत राहाते. "बस इथं, मी नारळ घेऊन येतो," म्हनून बुढी गेली, ते गेलीच.

मले आठव्या दिवशी कळलं. आमच्या गल्लीतली एक बाई दर्शन करून आली, ती म्हने, "तुयी बहीन तिथं एकटीच हाये वो, कोनाकोनाचं देलेलं खाऊन राह्यली." मी तशीच निघाली. ती पायऱ्यापाशी बसून होती. लुगडं मळलेलं, केसाच्या गाठी झालेल्या.

मी म्हनलं, "काऊन बसून हायेस इथं?"

तर म्हने, "आत्याबाई नारळ आनाले गेल्या हायेत."

आठव्या दिवशी! तिले मालूम होतं, मलेबी मालूम होतं. मी तिले तिच्या घरी घेऊन गेली. सासूनं दारात उभं करून सांगितलं, "ज्यानं आनली त्यानं न्यावी. आमाले रिकामं खोकं नाई पाहिजे." जवाई मागं ओट्यावर बसून कापसाची सरकी दातानं फोडून राह्यले होते. वर पाह्यलं नाई त्याईनं.

तवापासून मी त्या घराले सोडलं नाई. पायानं गेली नाई, पन मनानं रोज जाये.

गोऱ्या बायाईचा एक दवाखाना होता, तिथं बहीन कामाले लागली. आधी फडके धुवाचं काम, मंग बाळंतिनीचं. तिथं एक बुढी गोरी बाई होती, स्वीडनची. जवानीत आपला देश सोडून इकडं आली, ते इथंच राह्यली. आमच्यासारखीच बोले. पेशंट रडली का म्हने, "काऊन रडून राह्यली वो, लेकरू आतून ऐकते ना." तिचा माझ्या बहिनीवर लई जीव. त्या बाईचे पाय गेले, चालता येईना, तवा तिले तिच्या देशात परत न्यायाचं ठरलं. ती म्हने, हिले सोबत घेतल्याशिवाय मी जात नाई.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी तिले पांढुर्ण्याच्या टेसनावर सोडाले गेली. गाडी आली, अन् दोन मिनिटं थांबते तेवढ्यात बुढीले उचलून चढवाचं, पेट्या चढवाच्या, त्याच्यात बोलनं झालंच नाई. गाडी हालली तवा बहिनीनं दारातून ओरडून इचारलं, "बाई, चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहू ना?" मी म्हनलं, "हाव!" बस, एवढंच.

म्हनून तिच्या चिठ्ठीत मजकूर थोडाच मावे. बोटाएवढं एक-एक अक्षर. मी दाराशी बसून एक एक लावून वाचो. तिकडं हिवाळ्यात दुपारीच दिवे लावा लागतेत म्हने. संत्रं दुकानात एक-एक विकतेत, कागदात गुंडाळून, जसं काई औषध. गोरी बाई घरी राहाते, अन् ती दिवसभर बुढ्या लोकाईच्या एका घरात कामाले जाते. तिथल्या बायाईले केसाले तेल लावनं मालूमच नोतं, तिनं लावून देलं तर आता लाइन लावून बसतेत. एकदा फोटो पाठवला. लुगड्यावर मोठा कोट, डोक्यात लोकरीची टोपी, अन् चहूकडं पांढरं पांढरं. हसून राह्यली होती. खरं हसनं, मायेरी येऊन हसे तसं नाई.

मंग ते पांढुर्ण्याचं लगन आलं. माझ्या नवऱ्याच्या नात्यातलं. तवा नवरा वारला होता माझा, मी संत्र्याच्या पेट्या भराच्या कामाले जाये. लग्नात बायाईची पंगत बसली. माझ्या बाजूले एक जवान बाई बसली, तिगावकडची, मले अनोळखी. वाढनं झालं. सगळ्या हात घालून राह्यल्या, हिनं घास केला, पदराआड नेला, गळ्याशी लावला अन् पानाच्या कडेले ठेवला.

समोरची एक म्हने, "हिची सवत जेवली, आता आपन जेवा." सगळ्या हसल्या. तीबी हसली, लाजली.

मी इचारलं, "पयली कशानं गेली?"

"दवाखान्यात गेली म्हंतेत. गोऱ्या लोकाईनं तिकडंच माती देली, घरच्याईले तोंडबी पाहू नाई देलं."

"कोन्या गावी देलं तुले?"

तिनं गाव सांगितलं, घर सांगितलं. मंग टाक वर करून दाखवला मले. "मोठी बाई लई चांगली होती म्हंतेत, मी सनाले तिले साडीबी दाखवतो," म्हने.

त्या पत्र्यावर एक बाई होती. दोन डोळे, नाक, खाली पदराच्या रेघा. कोनाचीबी असती ती. माझ्या बहिनीची चिठ्ठी आदल्याच आठवड्यात आली होती, पेटीत होती माझ्या घरी.

मी जेवली. सगळं जेवली, पानात काही टाकलं नाई. तिथंच बोलली असती तर लग्नाचं भांडन झालं असतं, मानसं मधात पडले असते, अन् दुसऱ्या दिवशी वरातीसंगं सगळं विसरले असते. मले तसं नोतं पाहिजे. मले बहिनीच्या सासूले पाहाचं होतं, जितीले समोर पाहून तिचं तोंड कसं होते ते.

मी बहिनीले चिठ्ठी लिहिली. वाकडंतिकडं लिहिलं, पन मीच लिहिलं. त्याईनं तुयी माती केली, टाक केला, तू ये. तू हिरवी साडी नेस, आपन दोघी त्याईच्या अंगनात जाऊ, अन् मी म्हनन, नारळ भेटला का वो इहीनबाई?

तिचं उत्तर आलं ते हसन्यावारी. जाऊ दे बाई म्हने. मी परत लिहिलं. ती म्हने, गोऱ्या बाईले एकटं सोडता येत नाई. मी अजून लिहिलं. तुले लाज नाई, तुले राग नाई, तू कोनाच्या हातची वाढली. असं सगळं लिहिलं मी. एक वर्सभर लिहून राह्यली. शेवटी तिनं लिहिलं, येतो. आखाजीले येतो.

मी हिरवी साडी घेऊन ठेवली.

फागुनात दवाखान्यातली एक सिस्टर घरी आली. आमच्या इकडचीच होती, बहिनीसोबत काम केलेली. मी कामावर निघाली होती. ती खाली बसली, मंग उभी राह्यली, मंग परत बसली.

"मौशी, जहाज बुडालं," म्हने.

मी म्हनलं, "ती त इमानानं येनार होती."

तिनं सांगितलं ते असं. गोरी बाई एकटी राहू शकत नोती, म्हनून तिले पलीकडच्या देशात तिच्या बहिनीकडं पोचवाचं ठरलं. तिथं जहाजानं जातेत, मोटारी-ट्रकबी त्याच जहाजात चढतेत. तिले पोचवून माझी बहीन तिथूनच इमानात बसनार होती, तिकीट काढलं होतं. रस्त्यात हवा सुटली. जहाज एका आंगाले कललं ते उठलंच नाई. काही लोकं निंघाले. ह्या दोघी नाई निंघाल्या. बुढीले चालता येत नोतं, अन् ही तिले सोडनाऱ्यातली नोती.

"पानी लई थंड होतं, मौशी. टाइम नसंल लागला," सिस्टर म्हने.

"आंग?"

तिनं मान हालवली.

गोरी आपला देश सोडून इकडं आली, माझी इकडचा सोडून तिकडं गेली, अन् दोघी मधातल्या पान्यात राह्यल्या. मी सिस्टरले चहा करून पाजला. मंग कामावर गेली. त्या दिवशी दोन गाड्या संत्रं आलं होतं. पेटीत तनस घालून एकावर एक थर लावाचा, दाबाचं नाई. मी सगळ्या पेट्या बरोबर लावल्या.

रडू नाई आलं मले. दुसरंच आलं मनात. का आता तिच्या सासूचं खोटं खरं झालं. आता कोनी इचारलं तर ती म्हनन, मेली म्हनलं होतं ना आमी? मेलीच हाये. मरून माझ्या बहिनीनं तिले सोडवलं. ते मले सहन होत नोतं. माझ्या बहिनीले त्याईनं जिती असताना मारलं, हे त्या बुढीच्या तोंडून चार लोकात निघालं पाहिजे, बस. बाकी मले जगात काही नोतं पाहिजे.

सहा महिने मी कोनाले काही सांगितलं नाई. पित्तरपाटाची वाट पाह्यली. त्याच्यातली नवमी सवाष्न मेलेल्या बायाईची असते. त्या दिवशी त्या घरी दरवर्सी माझ्या बहिनीच्या नावानं बाई जेवू घालत, हे मले लग्नातच कळलं होतं.

नवमीले मी चिठ्ठ्याईचं गठुडं अन् फोटो घेऊन गेली. अंगनात पाच-सहा बाया होत्या, शेजारची एक बुढी चुलत सासू होती, जवाई होते. पान वाढलेलं होतं. बहिनीची सासू मले पाहून जरा थांबली, मंग म्हने, "या ना इहीनबाई. लई वर्सानं?"

"बहिनीची नवमी हाये म्हने. मले आवतन नाई देलं."

"आता तुमाले कायले दुःख द्या म्हनलं. आमी करतो ना तिचं सगळं, दरवर्सी. आमचं मन मोठं हाये."

"मोठंच हाये," मी म्हनलं. "तिले मरून सहाच महिने झाले, तुमी त तिले चार वर्सापासून जेवू घालून राह्यल्या."

मी फोटो चुलत सासूच्या हातात देला. तिनं डोळ्यापाशी नेला. "अगे बाप्पा, ही त तीच हाये. एवढा कापूस कुठचा वो हा?"

"कापूस नाई, बरफ हाये."

"वेचाले गेली काय तिथं?"

"जगाले गेली होती."

सासू म्हने, "फोटो काय, आधीचा असंल."

मी दुसरीले जवळ बलावलं. ती सातवी शिकलेली होती. तिच्या हातात चिठ्ठी देली अन् म्हनलं, "वरचा ठप्पा वाच, मंग आतलं वाच. मोठ्यानं."

तिनं ठप्प्यावरचं साल वाचलं. तिच्या लग्नाच्या नंतरचं साल. मंग चिठ्ठी वाचाले लागली. "बाई, माझा टाक केला म्हन्तेस, तर आकृती कोनावरून काढली? माझा फोटो त त्याईच्या घरी नोता. त्या पोरीले काही म्हनू नको. ती रोज पयला घास मले देते म्हन्तेस. त्या घरात मले पयला घास कधी भेटला नोता."

ती तिथंच थांबली. पुढं दोन ओळी होत्या, त्या वाचल्या नाई तिनं. हात टाकावर गेला तिचा.

"चिठ्ठी त कोनीबी लिहिते," सासू म्हने.

तवा जवाई बोलले. इतक्या वर्सात मी त्याईचं एवढंच ऐकलं. "अक्षर तिचंच हाये, माय."

बुढी बिथरली. "बरं मंग! आता त मेली ना? मेलीच हाये ना? मंग झालं काय? दोन-चार वर्स इकडं का तिकडं!"

निघालं तोंडातून. सगळ्याईनं ऐकलं. चुलत सासूनं कपाळावर हात मारला. "इकडं का तिकडं? जितीचा टाक घातला वो बाई तुनं ह्या पोरीच्या गळ्यात! अन् हिच्या पोटातले दोन गेले, त आपन म्हनून राह्यलो का कशानं गेले."

दुसरीचं तोंड पांढरं पडलं. तिच्या मनात काय चाललं ते मले दिसून राह्यलं होतं. बहिनीनं लिहिलं होतं, त्या पोरीले काही म्हनू नको. मी म्हनलं नाई. पन तिचं भ्याव मी थांबवलंबी नाई, मले ते कामी येनार होतं. मी एवढंच म्हनलं, "बुडून मेली. आंग भेटलं नाई. अजून पान्यातच हाये."

एका बाईनं विहिरीकडं पाह्यलं, मंग सगळ्याईनं पाह्यलं.

"बाई, काढू का हा?" दुसरी रडून राह्यली होती.

"तू नाई काढाचा. ज्यानं बांधला त्यानं सोडाचा."

सासू पुढं आली. गाठ सुटेना. दातानं सोडली. टाक हातात घेऊन इचारते, "देव्हाऱ्यात ठेवू?"

मी म्हनलं, "देव्हाऱ्यात नाई. जितीचा केला तुमी, त्याले गळाच पाहिजे. ज्यानं करवला त्याचा."

असं कुठं लिहिलेलं नाई. कोन्या बुढीनं मले सांगितलेलंबी नोतं. मी ते तिथंच उभ्या-उभ्या बनवलं. पन चुलत सासूनं मान डोलवली अन् म्हने, "बरोबर हाये. आमच्या मायेरी असंच करत." मंग दुसऱ्या एकीलेबी आठवलं, तिच्या गावात असं झालं होतं म्हने.

सुनेचा टाक सासूनं गळ्यात घातला, असं मी त्याच्याआधी नाई ऐकलं, त्याच्यानंतरबी नाई. तिनं घातला. वाढलेलं पान तिच्यापुढं ठेवलं. "पयला घास," मी म्हनलं. तिनं वरन-भाताचा घास केला, पत्र्याले लावला, कडेले ठेवला. मंग खाल्लं. खाता येत नोतं, पन खाल्लं. मी पान्याचा घोटबी न घेता निघाली.

तवापासून दर नवमीले मी जातो. दुसरीले पुढच्या वर्सी पोरगी झाली, जगली. ती मले बाई म्हंते आता, मायेरी यावं तशी माझ्याकडं येते. तिच्याकडून मले कळते का बुढी विहिरीजवळ जात नाई, आंघोळीले बसली का सुनेले दाराशी उभी ठेवते. गावातल्या पोरी पान्याले जाताना तिच्यावर हसतेत. ऐकून मले बरं वाटते. खोटं कायले बोलू.

एक गोष्ट मी त्या घरी कधी सांगितली नाई. का ती जहाजात चढली ते मी बलावलं म्हनून. तिले यायाचं नोतं, मी वर्सभर लिहिलं, तिले वाढवल्याचं उसनं मागितलं. जो नियम मी बनवला, त्या नियमानं त टाक माझ्या गळ्यात पाहिजे. बुढीले हे कळलं असतं तर तिनं लगेच काढून माझ्या हातात देला असता. म्हनून मी नाई सांगितलं. हिरवी साडी पेटीत हाये, कोनाले देली नाई.

तिसऱ्या नवमीले गेली त बुढी लई उतरली होती. गळ्यात काहीतरी झालं होतं, घास जात नोता. सुनेनं पेज करून आनली होती. मी पाटावर बसली.

बुढी म्हने, "इहीनबाई, आता तरी सोडवा. गळा दुखते हो ह्याच्यानं."

"पत्रा हाये तो. त्याचं काय वजन?"

"मी चुकली म्हनलं ना. मागच्या नवमीले सगळ्याईसमोर म्हनलं ना मी."

"हाव, म्हनलं तुमी."

"मंग?"

"मंग पेज थंडी होऊन राह्यली," मी म्हनलं. "आधी तिले लावा."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. मंग बोट पेजेत बुडवलं अन् टाकाले लावलं. तिची वाटी रिकामी होईपर्यंत मी उठली नाई.